एकेचाळीस घरांचं एक मत

पंचवीस वर्षं नोकरी करून मी सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो, तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. पाऊस बेताचा, त्यामुळे घरटी एखादा तरी फौजेत जायचाच. माझ्या आधी परत आलेले धरून आम्ही माजी सैनिकांची एकेचाळीस घरं होतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता शाळेच्या पडवीत आमची बैठक असे. आठ म्हणजे सात पंचावन्न. आठ वाजून एक मिनिटाने आलेला माणूस पायरीवरच उभा राहायचा. बसायचं रँकप्रमाणे. पुढे मी, मग दोन नायब सुभेदार, मग हवालदार, नाईक आणि मागे जवान. घरी बायकोपुढे चकार शब्द न काढणारे आम्ही तिथे मात्र ताठ बसायचो.

निवडणूक आली की सगळ्या पक्षांची माणसं एकच प्रश्न विचारायची, यंदा फौजी कुणाकडे? लोकांना वाटायचं, आम्ही देशाचा विचार करतो, पेन्शनचा करतो, उमेदवाराचं चारित्र्य पाहतो. आता वय झालं, खरं सांगायला हरकत नाही. आम्ही फक्त रँक पाहायचो. कोणता पक्ष, हे मी ठरवायचो. पाच मिनिटांत कारणं सांगायचो आणि शेवटी फौजेतल्यासारखं विचारायचो, "कोई शक?" मागून एका आवाजात उत्तर यायचं, "नो, सर!" मग मतदान मंगळवारी असो की रविवारी, एकेचाळीस घरांची मतं एकाच चिन्हावर. सरपंच कौतुकाने म्हणायचा की तुमच्यात भांडणं कशी ती नाहीत. मीही मिशीला पीळ द्यायचो.

दशक अर्ध्याच्या पुढे गेलं आणि आमचा पंचायत समितीचा गण महिलांसाठी राखीव झाला. सत्तेवरच्या पक्षाने शेजारच्या गावातल्या एका पुढाऱ्याच्या भावजयीला उभं केलं. विरोधी पक्षाने आमच्याच गावातल्या सुमन औटीला. सुमन म्हणजे नाईक किसन औटीची बायको. किसन माझ्या प्लाटूनमध्ये होता. माझ्या नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात तो वर बर्फात गेला.

अर्ज भरायच्या आदल्या दिवशी सुमन सकाळी माझ्याकडे आली. तिला जिंकायचं होतं ते एका गोष्टीसाठी. औटी वस्तीवर शाळा चौथीपर्यंतच होती. पुढे चार किलोमीटर ओढ्याकाठची पायवाट. वस्तीवरच्या पोरी चौथीनंतर घरी बसत. तिची स्वतःची मुलगी त्या वर्षी चौथीत होती. पंचायत समितीत बसले तर पाचवी ते सातवीचे वर्ग मागून आणीन, असं ती म्हणाली. मागणी रास्त होती. मी मान हलवली. जाताना ती उंबऱ्याशी थांबली.

"सुभेदारसाहेब, निवडून आले तर सत्कार तुमच्याच हातनं करायचा. आन् त्या दिवशी तुमी समद्या गावाला सांगायचं, हे कसे गेले ते. मला कुनीच नीट सांगितलं न्हाई."

मी बघू म्हणालो. चहा घे म्हणायचंही राहून गेलं.

किसन कसा गेला ते इथे सांगतो. आमची पोस्ट उंचावर होती. खालच्या पोस्टपर्यंत रोज सहा जणांची लिंक पेट्रोल, म्हणजे दोन पोस्टमधली गस्त, जायची. त्या दिवशी किसन पेट्रोल कमांडर होता. रात्रभर बर्फ पडलेलं. सकाळी आठ वाजता पेट्रोल निघाली. पोस्टवर वायरलेस सेटवर हवालदार साळवे होता, आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातला. मी त्याच्या शेजारी उभा होतो. नऊ दहाला किसनचा आवाज आला.

"साहेब, बर्फाचा ढाळ कच्चा वाटतोय. तासभर थांबू का? ओव्हर."

अकरा वाजता मला कंपनी कमांडरकडे पेट्रोल पोहोचल्याचा रिपोर्ट द्यायचा होता. माझा रिपोर्ट कधी उशिरा गेला नव्हता, आणि त्याचा मला गर्व होता. मी म्हणालो, "टायमिंगप्रमाणे चला. ओव्हर." दहा मिनिटांनी त्याने पुन्हा विचारलं. मी साळवेच्या हातातून माईक घेतला.

"किसन, एकदा सांगितलं ना. पुढे चला. ओव्हर."

"ठीक आहे, साहेब. आउट."

नऊ बत्तीसला ढाळावरचा बर्फ सुटला. पाच जण जिवंत निघाले. किसन दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. मी रिपोर्ट लिहिला, अचानक हिमस्खलन. साळवेने तो वाचला आणि माझ्या हातात परत दिला. त्यावर मी त्याला कधी काही विचारलं नाही. मी पेन्शनवर आलो, पुढे दोन वर्षांनी तोही आला आणि हवालदारांच्या रांगेत बसू लागला.

मतदानाच्या आधीच्या रविवारी बैठक झाली. त्या आठवड्यात सत्तेवरच्या पक्षाचा पुढारी माझ्या दारात जीपमधून उतरला होता. वेशीत शहीद स्मारक आणि महिन्याला एकदा लष्करी कॅन्टीनची स्वस्त सामानाची गाडी, असा शब्द त्याने दिला होता. मी बैठकीत तेच सांगितलं आणि मतं त्याच्या पक्षाला ठरवली. वर सुमनविरुद्ध आणखी एक कारण जोडलं. म्हणालो, शहिदाच्या नावावर मतं मागणं आपल्याला शोभत नाही, उद्या कुणीही उठेल आणि आपल्या मेलेल्या माणसांचा झेंडा करेल. बोलणं मला स्वतःलाच इतकं पटलं की आवाज चढला. स्मारकाचं आमिष दाखवणाराही शहिदांच्याच नावावर मतं मागत होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही असं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. मला तो सत्कार नको होता. गावासमोर उभं राहून ते नऊ दहा आणि नऊ वीस सांगायचं नव्हतं.

मी विचारलं, "कोई शक?"

साळवे उभा राहिला. आमच्या बैठकीत असं कधी घडलं नव्हतं.

"शक आहे, साहेब. वर्ग आले तर आपल्याच पोरी शिकतील. किसनचं घर आपलं हाय."

मागच्या रांगा हलल्या. दोघातिघांनी माना डोलावल्या. तिथेच मी म्हणायला हवं होतं की ज्याने त्याने मनाला पटेल त्याला मत द्यावं. तेवढं बोलायला काय लागत होतं? पण पंचवीस वर्षांची सवय जिभेवर आली.

"साळवे, बस खाली."

तो बसला. टाचा जुळवून बसला. मी पुन्हा विचारलं आणि उत्तर आलं, "नो, सर." या वेळी आवाज एक नव्हता.

सुमन एकसष्ट मतांनी पडली. आमच्या एकेचाळीस घरांत दीडशेच्या वर मतं होती. कॅन्टीनची गाडी दोनदा आली. स्मारकाच्या चौथऱ्याला एक दगड लागला, पुढे त्यावर शेळ्या बसू लागल्या. वर्ग मंजूर झाले ते पुढाऱ्याच्या गावाला. जूनमध्ये सुमनने मुलीला शिकायला सुप्याला मामाकडे ठेवलं. वस्तीवरच्या बाकीच्या पोरींना सुप्याला मामा नव्हता.

निकालानंतर आठ दिवसांनी मी औटी वस्तीवर गेलो. साळवेला बरोबर घेतलं. एकट्याने जायची हिंमत नव्हती. वाटेत मी त्याला विचारलं, तू मत कुणाला दिलंस? तो म्हणाला, तुम्ही सांगितलंत त्यालाच. मला वाटलं होतं, निदान त्याने तरी ऐकलं नसेल. मी तसं बोललो, तर तो म्हणाला, "साहेब, तुमचं न ऐकायची आमाला सवयच न्हाई लागली."

सुमनने ओट्यावर घोंगडी टाकली. चहा दिला. तिचा राग अंगावर घ्यायच्या तयारीने मी बसलो होतो, पण ती रागात नव्हती. माणसं पारावर तिला भेटली होती. तुलाच द्यायचं होतं, पण साहेबांचा हुकूम झाला, असं एकेकाने मान खाली घालून सांगितलं होतं. ते सगळं तिने मला शांतपणे सांगितलं. मग तिने कप खाली ठेवला.

"साहेब, एक इचारते. त्या दिवशीबी असंच झालं व्हतं का? यांच्या मनात येगळं, आन् तुमचा हुकूम येगळा?"

मी साळवेकडे पाहिलं. सहा वर्षांत तो तिला एक अक्षर बोलला नव्हता. तेव्हाही त्याने मान वर केली नाही. सांगायचं ते मलाच सांगायचं होतं.

"दोनदा विचारलं त्याने," मी म्हणालो. "थांबू का म्हणून. मी नाही म्हणालो."

मग मी वेळेसकट सगळं सांगितलं. तिने ते पुरतं ऐकलं. पदर डोळ्याला लावला नाही, मला बोल लावला नाही. फक्त एकदा म्हणाली, "दोनदा इचारलं म्हंजी त्यास्नी कळलं व्हतं." आणि रिकामे कप उचलून आत गेली. आम्ही बराच वेळ ओट्यावर बसून होतो. ती बाहेर आली नाही.

पुढच्या बैठकीत मी रांगा मोडल्या. ज्याने त्याने आपलं मत आपल्या मनाने द्यावं, मला विचारू नये, असं सांगितलं. काही जण नाराज झाले. मग आम्ही ठरवायचं कसं, असं एका म्हाताऱ्या नाईकाने खरोखरच काकुळतीने विचारलं. साळवे पुढे तीन वर्षांनी वारला. माझ्यावर रागावला होता का, हे त्याने शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

नाईक किसन औटी, राहणार औटी वस्ती, वय एकतीस. ढाळ कच्चा असल्याचं त्याने सकाळी नऊ दहाला आणि पुन्हा नऊ वीसला वरिष्ठाला कळवलं होतं. माझ्या रिपोर्टमध्ये ही ओळ नाही.