दोन भागांत कापलेली कादंबरी

बाळांनो, तुम्ही वाढदिवसाला पाठवलेली कादंबरी पोचली. फोनवर तुम्ही दोघंही विचारत होता, "आजी, आवडली का?" हो-नाही एवढ्यात उत्तर संपण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. गेले चार दिवस मी या पुस्तकावर चिडलेली आहे.

ही मी तरुणपणी वाचली होती आणि तेव्हाच निकाल लावला होता. एका शिक्षकाची बायको भर दुपारी लहान मुलीला उचलून माहेरी निघून जाते. नवरा देवमाणूस, सासू आजारी, भांडण नाही. इंग्रजी साहित्यात एम.ए. केलेल्या मला ते अजिबात पटलं नाही. आमच्या बालाघाटच्या मराठी महिला मंडळात मी स्पष्ट सांगितलं होतं, नायिका उथळ आणि लेखक कच्चा.

विरोध केला तो एकाच मैत्रिणीनं. तिचे यजमान भरवेलीच्या खाणीत नोकरीला होते.

"अवं, पोरगी देऊन टाकत होते ना तिची! निपुत्रिक जावेले! नवऱ्यानंच कबूल केलं, हिनं सैपाकघरातून ऐकलं."

"कुठं लिहिलंय? दाखव."

तिनं पुस्तक मागे-पुढे चाळलं. सापडलं नाही. "मी वाचलं हाय," म्हणाली. बाकीच्या हसल्या. कोणीतरी म्हणालं, "आता तूच लिही एक कादंबरी." तेव्हापासून मंडळात ती चहा द्यायची, सतरंज्या घालायची, पण पुस्तकावर तोंड उघडायची नाही.

आता तुमची नवी प्रत. बरोबर मध्यावर तो प्रसंग आहे. सैपाकघर, जाऊ, नवऱ्याचं मऊ आवाजातलं "हो", सगळं.

मी कपाटातून मंडळाची प्रत काढली. त्या काळी इथे मध्य प्रदेशात मराठी पुस्तकं मिळायची नाहीत, नागपूरहून येणाऱ्याच्या पिशवीतून यायची. आणणारीनं आधी वाचायचं हा नियम. मग जाड कादंबरी बाइंडरकडे देऊन तिचे दोन भाग करायचे, म्हणजे दोन घरी एकदम वाचता येईल. ही कादंबरी भरवेलीच्या मैत्रिणीनंच आणली होती, म्हणून तिनं अखंड वाचली. कापताना मधला फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या सोळा पानांचा जुडगा, नेमकं एक अख्खं प्रकरण, सुटून पडला. वर त्या शहाण्यानं कडा सारख्या करताना पानांचे आकडेही छाटून टाकले. कोणाला कळणार? आणि लेखकाची ऐट अशी, की एवढी मोठी गोष्ट एकदा सांगून पुढे तिचा साधा उल्लेखही नाही!

काल रिक्षा करून भरवेलीला गेले. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मी पान उघडून पुढे धरलं. तिनं चष्मा पुसला, ओठ हलवत सावकाश वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"मले वाटे, माह्यंच डोकं फिरलं," ती म्हणाली. "मग वाचनच सोडलं म्या. जे नाही ते दिसते म्हटल्यावर काय वाचा?"

"अगं, मग भांडायचं होतंस ना माझ्याशी!"

"तुह्याशी? तू इंग्रजीत सुरू झाली का कोण बोलते वं!"

माझा संताप संताप झाला. बाइंडरवर, त्या हसणाऱ्या बायकांवर, आणि सगळ्यात जास्त हिच्यावर. डोळ्यांनी वाचलेलं माणूस असं सोडून देतं का? तसं मी तिला सुनावलं. नायिका बरोबरच होती, हेही सांगितलं, आणि म्हटलं, खरा नालायक तो नवरा.

"नालायक काहून? भावापुढे बोलता आलं नाही त्याले. गरीब होता बिचारा."

"गरीब? स्वतःची मुलगी देत होता!"

"तू अर्धंच वाचते, बाई. आण इकडे पुस्तक."

पुस्तक तिनं ठेवून घेतलं. तुमची भेट आहे, परत आण, असं मी तीनदा बजावलं. हौ हौ म्हणाली.

मंडळ आता नाही. त्यातल्या बहुतेक जणी गेल्या, ज्या आहेत त्यांच्या घरी मराठी कोणी वाचत नाही. कापलेल्या कादंबरीचे दोन्ही भाग माझ्या कपाटात आहेत, अखंड प्रत भरवेलीत आहे आणि ती पुन्हा वाचते आहे.