मेलेल्या ढोरांपुरती होडी

"वल्हं खाली टाक," कारकून देवराम कोळ्याला म्हणाला. "तू हात सोड, मग तो उचलील. दोघांनी एकदम धरायचं नाही."

देवरामनं हात सोडला. वल्हं कचेरीच्या अंगणात, चिखलात पडलं. माझा बाप, आबा, वाकला आणि त्यानं ते उचललं. वाकताना त्याचं मुंडासं सुटून लोंबायला लागलं, तेव्हा ओट्यावर बसलेले दोघेतिघे हसले.

होडी विकली की सरकारातली तिची नोंद बदलावी लागे. होडी काही नाशकाच्या कचेरीपर्यंत नेता येत नाही. म्हणून तिचं वल्हं न्यायचं, विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं ते मिळून धरायचं, मग कारकुनानं जुन्या मालकाला खोडून नवा लिहायचा, अशी आमच्याकडची रीत. कोळ्यानं कोळ्याला होडी विकली तेव्हा असंच झालं होतं. आमच्या वेळी वल्हं चिखलात पडलं. आम्ही महार.

गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो. आमचा वाडा गंगेच्या पलीकडे. बाजार, औषधपाणी, सुईण, सगळं अलीकडे. उन्हाळ्यात पाण्यातून चालत जायचं. पावसाळ्यात नदी उतरवायचा मक्ता घेतलेल्या मक्तेदाराची होडी चाले, पण ती आमच्यासाठी नव्हती. लाकूड बाटतं म्हणे. त्या होडीत बकऱ्या बसत. मक्तेदाराचं कुत्रं तर पुढे ऐटीत बसून जायचं, त्याच्यानं लाकूड बाटत नव्हतं. आम्ही काठावर उभे. पूर आला की वाड्यात कुणी आजारी पडायचं नाही, एवढाच आमच्याकडे इलाज होता.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. आई नव्हती. पावसाळा तोंडावर आलेला. मला भीती वाटायची. म्हणून मी आबाच्या मागे लागले, आणि वाड्यानं मिळून देवरामची जुनी होडी घेतली. देवराम थकला होता, त्याला ती ओढवत नव्हती. तळाच्या फळ्या कुजलेल्या, ठिकठिकाणी डांबर फासलेलं. पण तरंगत होती. आबा कचेरीत एकटा गेला असता तर रामराम करून तसाच परत आला असता. म्हणून मी पोट सांभाळत त्याच्याबरोबर नाशकापर्यंत चालत गेले.

कारकुनानं टाक शाईत बुडवला. "होडी काय न्यायला?"

"मानसं न्यायला, भाऊसाहेब," आबा म्हणाला.

"कोणती माणसं? हिच्यात बसणार कोण?"

"आमचीच बसतील जी."

कारकुनानं शेजारच्याकडे पाहिलं. "ऐकलंत? माणसं म्हणे."

पुन्हा हसणं झालं. मग त्यानं लिहिलं, आणि लिहिलेलं वाचून दाखवायचा नियम होता म्हणून मोठ्यानं वाचलं. "मेलेली ढोरं वाहून नेण्यापुरती. इतर वापर केल्यास होडी जप्त." कागद त्यानं पायरीवर ठेवला, वर वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड ठेवला. "ये. अंगठा दे."

त्याला सगळं ठाऊक होतं. त्या वर्षांत नाशकात आमची माणसं आत जाऊ द्या म्हणून देवळाच्या दाराशी बसत होती. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, असं आमच्या वाड्यानं ठरवलं होतं. त्यासाठी गावानं आमची कामं बंद केली होती, तीही आम्ही सोसली. म्हणून त्यानं मुद्दाम तेच लिहिलं.

आबा अंगठा पुढे करून पायरीकडे निघाला. देवराम हळूच म्हणाला, "दे रं अंगठा. कागद कोन बघतंय? होडी तर हातात येईल."

देवराम वाईट माणूस नव्हता. मलाही क्षणभर तेच वाटलं. काय लिहायचं ते लिहू दे मेल्याला, आपल्याला पाणी ओलांडल्याशी मतलब. मग माझ्या डोक्यात आलं, ह्या होडीतून पहिली मीच जाणार. म्हणजे मी कोण? मेलेलं ढोर. आणि पोटात आहे ते? अंगाची आग झाली. आजवर शिव्या खाल्ल्या होत्या, ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्याले होते, पण आपल्याच अंगठ्यानं कबूल करून द्यायची वेळ आली नव्हती.

मी आबाचं मनगट धरलं. "नाय," मी म्हणाले. "मानसं लिवा. नायतर अंगठा नाय."

कारकुनानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, तेही पोटाकडे. "मग होडी पाण्यात घालायची नाही," तो म्हणाला आणि कागद फाडला. "चला, पुढचा कोण?"

आम्ही परतलो तेव्हा पाणी गुडघ्याएवढंच होतं. दुसऱ्याच दिवशी मक्तेदाराची माणसं कचेरीचा हुकूम सांगत आमच्या काठावर आली, होडीला साखळी घालून बाभळीला कुलूप ठोकून गेली. मग त्र्यंबकाकडे पाऊस लागला आणि गंगा चढली.

माझं पोट भर दिवसा दुखायला लागलं, दिवस भरायच्या आधीच. मूल आडवं आलं होतं. वाड्यातल्या बायांनी हात टेकले. सुईणीला आणा म्हणाल्या. सुईण गावाच्या काठाला. आबा काठावर धावला. मक्तेदाराची होडी माणसं घेऊन चालली होती. आबानं हाका मारल्या, हात जोडले, चिखलात लोटांगण घातलं. होडीवाल्यानं तोंड फिरवलं. मग माझ्या बापानं, ज्यानं कुणापुढे मान वर केली नव्हती त्यानं, दगड उचलला आणि कुलपावर घालत राहिला. बोटं फुटली. कुलूप फुटलं नाही.

पोरगी मेलेलीच जन्मली.

आबा एकदाच बोलला. "अंगठा दिला असता तर."

मीही तेच म्हणत होते, मनात, भिंतीकडे तोंड करून. दिला असता तर ती जगली असती. कदाचित. दूध यायचं, ते मी चुलीच्या राखेत पिळून टाकायची. गंगेत उडी टाकावी असंही मनात आलं. पण मग वाटलं, मी का मरायचं? कुलूप मी घातलं नव्हतं. कागद मी लिहिला नव्हता.

पाणी उतरलं तशी मी उठले. बाया म्हणाल्या, अगं, बाळंतपणाचं सुवेर फिटलं नाही अजून. मी म्हणाले, नसू दे. सुवेर होतं, सुतक होतं, वर जात तर जन्माचीच. ते सगळं घेऊन मी कचेरीच्या पायऱ्या चढले आणि सरळ त्या कारकुनाच्या बैठकीसमोर उभी राहिले.

तो दचकून उठला. दऊत कलंडली. "हिला खाली काढा," तो ओरडला.

"होडी आबाच्या नावावर करा," मी म्हणाले. "मानसांसाठी हाय म्हनून लिवा."

शिपायानं काठीनं ढकललं. मी पायऱ्यांवरून पडले, लुगडं रक्तानं भरलं. उठले आणि पुन्हा चढले. त्यानं पुन्हा ढकललं. तिसऱ्यांदा आबा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या हाताला अजून चिंधी बांधलेली होती.

त्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं. दाराबाहेर उभं राहून मी आत ऐकू जाईल असं बोलले. मी उद्या येणार. परवा येणार. माझी पोरगी गेली, आता तुम्ही मला कशाचीच भीती घालू शकत नाही. तुमच्यानं लिहवत नसेल तर कचेरी बंद ठेवा. ढोरांच्या कागदावर आमच्यातल्या एकाचाही अंगठा पडणार नाही.