वरच्या जिन्यातला डबा

रोज सकाळी, चहाचं आधण ठेवण्याआधी, आत्या जिन्याच्या अकरा पायऱ्या चढून वर जायची, वरच्या दाराबाहेर ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण दोन बोटांनी उचलायची, आत एक नजर टाकायची आणि झाकण आवाज न करता परत ठेवून खाली यायची. कोणी पाहिलंच तर म्हणायची, मांजर शिरलंय का ते बघत होते. आमच्याकडे मांजर नव्हतं. गल्लीतही नव्हतं, समोरच्या शिंप्याचा कुत्रा एकही टिकू देत नसे.

मी शिकायला तिच्याकडे राहायला आले तेव्हा मला या सवयीची किळस आली होती. पुढे तिच्या चपलांचा चढतानाचा आवाज आला नाही तर मला जागच येईना.

वरच्या दोन खोल्या ती भाड्याने द्यायची आणि त्या बहुतेक परदेशी माणसंच घ्यायची, कारण बसस्थानक, मोठं हॉस्पिटल आणि शहराचा पाहण्यासारखा जुना भाग, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर होतं. येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी सांगायचा की मी फिरायला नाही, राहायला आलोय. आत्या मान हलवायची आणि विश्वास ठेवायची नाही. तोंड काहीही बोलतं, डबा खोटं बोलत नाही, असं तिचं मत. फिरायला आलेल्याच्या डब्यात पाण्याच्या बाटल्या, तिकिटं, साबणाच्या चिमुकल्या वड्यांचे कागद. राहणाऱ्याच्या डब्यात कांद्याची सालं, उडालेला बल्ब, आणि कधीतरी झिजून मुठीएवढी उरलेली केरसुणी. केरसुणी म्हणजे तर पक्का पुरावा.

"केरसुणी झिजेपर्यंत कोणी फिरत नाही," ती म्हणायची.

एक जोडपं तिच्या फार लक्षात राहिलं होतं. त्यांना सगळंच आवडायचं. जिना आवडायचा, जिन्याचा मोडका कठडा आवडायचा, गल्लीतल्या भांडणांचासुद्धा त्यांनी फोटो काढला. तिसऱ्या दिवशी तिला आई म्हणाले. चौथ्या महिन्यात न सांगता गेले. नंतर एक पोस्टकार्ड आलं, त्यावर तिसऱ्याच कुठल्यातरी गावाचं चित्र होतं. आत्याने ते शेगडीमागे तेल उडू नये म्हणून चिकटवलं.

संशय हा तिचा स्वभाव होता की कामाने लागलेलं वळण, हे मला ठरवता आलं नाही. सव्वीस वर्षं ती बसस्थानकाच्या क्लोकरूममध्ये खिडकीशी बसली होती. बॅग आत घ्यायची, तिला चिठ्ठी बांधायची, सुतळीला दोन गाठी मारायच्या, बिल्ला द्यायचा. तिच्या पाठीमागे एक मांडणी होती, न नेलेल्या सामानाची. "आत्ता आलोच" म्हणून गेलेल्यांची. तीन महिन्यांनी त्या बॅगा साहेबांसमोर उघडायच्या. आत इस्त्रीचे कपडे निघायचे, फ्रेम केलेले फोटो, एकदा तर एका लहान मुलाचे कोरे बूट. इतकं मोलाचं ठेवून गेलाय म्हणजे माणूस परत येणारच, असं तिथल्या नव्या लोकांना वाटायचं. आत्याला वाटत नसे. सामान काय, ते बिचारं वाट बघतं, असं म्हणून ती पुढची सुतळी कापायची. निवृत्त झाल्यावरही कोणी "येतेच हं" म्हणालं की ती आधी घड्याळाकडे बघायची.

आणि आतोबा होते. म्हणजे नव्हते. बंदरावरच्या क्रेन दुरुस्त करायला ते दूरच्या एका देशात गेले, दोन वर्षांच्या करारावर. त्यांची पत्रं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होती. पहिल्या वर्षीच्या पत्रांत नुसतं कौतुक: रस्ते असे, इमारती तशा, समुद्र संध्याकाळी काचेसारखा दिसतो, तुला एकदा दाखवायला हवं. तिसऱ्या वर्षापासून सूर बदलला. खोलीतला नळ गळतो, घरमालक ऐकत नाही. भाजीवाला खाली मऊ टोमॅटो घालतो, त्याला आज सुनावलं. रस्ता खणून ठेवलाय, बस वेळेवर नाही. ती पत्रं वाचून आत्याला बरं वाटायचं. कंटाळलेत, आता येतील. तिने त्यांचे सदरे धुऊन, इस्त्री करून ठेवले. भरवशाच्या म्हशीला टोणगा, तसं झालं. ते आले नाहीत. पुढे पत्रंही थांबली.

हे तिने मला एकदाच सांगितलं, मटार सोलताना, आणि रडायचं सोडून माझ्या ताटातले किडके दाणे वेचत राहिली. "मी वाचायला चुकले," ती म्हणाली. "कौतुक करत होते तोवर पाहुणे होते तिथे. नळावरून भांडायला लागले, त्याच दिवशी ते तिथले झाले."

मी आले तेव्हा वर एक बाई राहत होती. आत्या तिला वरची म्हणायची, म्हणून मीही. दातांच्या एका लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. तिच्या नखांत कायम पांढरं प्लास्टर असे. सहा महिन्यांच्या कामासाठी आली आणि तिला नववं वर्ष लागलं होतं. आपली भाषा तिने इतकी उचलली होती की शिंप्याशी भांडताना त्याचाच शब्द त्याला परत करायची. आत्याशी तर तिचं सात वर्षं एकच भांडण चालू होतं, स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या नळाचं. नळ गळायचा, आत्या तिचा जुना प्लंबर बोलवायची, प्लंबर काहीतरी पिळून जायचा, आठवड्याने नळ पुन्हा गळायचा. "आत्या, तुमच्या प्लंबरला नळ उघडता तरी येतो का?" असं ती कठड्यावरून विचारायची. आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. तरीही डबा बघणं नऊ वर्षांत एक दिवस चुकलं नव्हतं.

"अर्ध्या गावाच्या तोंडात हिचं काम आहे," ती मला म्हणायची, "पण हिच्या पोटात काय आहे, ते कोणाला माहीत?"

वरचीची बॅग कपाटावर असायची. त्यात ती थंडीच्या रजया ठेवायची, जशा आपण ठेवतो. आत्याने ती बॅग वर चढलेली पाहिली होती आणि मनात नोंदवली होती. फिरायला आलेल्याची बॅग जमिनीवर असते, तोंड उघडं टाकून.

त्या वर्षी वरचीने कायम राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. नियम कडक होते. कचेरीचा माणूस न सांगता घरी येणार, चौकशी करणार, घरमालकाचा लेखी जबाब घेणार. बाई खरंच इथे राहते असं ठरलं तर परवाना. नाहीतर चालू मुदत संपली की देश सोडायचा, लॅब सोडायची, खोल्या सोडायच्या. दुसऱ्यांदा अर्ज करता येत नव्हता. वरचीने हे आत्याला समजावून सांगितलं. आत्या "बघू" म्हणाली.

अर्ज दिल्यावर दोनच आठवड्यांत तिच्या देशातून फोन आला. तिची आई पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या वरून खाली आली ती आधण न ठेवता ओट्याशी नुसती उभी राहिली.

डब्यात काय आहे, मी विचारलं.

"सगळं," ती म्हणाली. "बटाटे, कांदे, अर्धा कोबी. डांबरगोळ्या. घर आवरतेय ती."

कपाटावरची बॅग खाली आली होती. रजया पलंगावर घड्या घालून ठेवल्या होत्या. दुपारी वरची किल्ली द्यायला आली. अठरा दिवसांत येते, म्हणाली. आत्याने किल्ली घेतली आणि घड्याळाकडे पाहिलं. आईला जप, एवढंच बोलली. वरचीला ते लागलं असावं; ती थोडा वेळ दारात घुटमळली, मग बॅग उचलून गेली. समोरून शिंपी बघत होता.

"अठरा दिवस म्हणे," आत्या किल्ली पत्र्याच्या डब्यात टाकत म्हणाली. "मला दोन वर्षं सांगितली होती."

मी म्हटलं, तिची आई आजारी आहे, तू असं कसं बोलतेस. त्यावर तिचं म्हणणं असं की आई आजारी आहे म्हणूनच. आजारी आईपाशी गेलेलं माणूस कुठल्या तोंडाने परत निघेल?

बाराव्या दिवशी कचेरीचा माणूस आला. काखेत फाइल, कपाळावर घाम. आत्याने त्याचं ओळखपत्र मागितलं, उजेडाकडे धरून पाहिलं, मागची बाजू पाहिली, फोटोत मिशी आहे आणि तोंडावर नाही याचं कारण विचारलं. तो घरमालकांवर आधीच खार खाऊन असावा. भाड्यासाठी लोक वाटेल ते लिहून देतात, काकू, असं त्याने बसता बसता ऐकवलं. शिवाय त्याने शिंप्याला आधीच गाठलं होतं. बाई मोठी बॅग घेऊन गेली, असं शिंपी सांगून मोकळा झाला होता.

"आईला बघायला गेलीय," मी म्हणाले.

"सगळे आईलाच बघायला जातात," तो म्हणाला.

आम्ही तिघं वर गेलो. आत्याने कुलूप काढलं. बारा दिवस बंद असलेल्या खोलीचा वास, पलंगावर रजया, कपाट अर्धं रिकामं. खिडकीत प्लास्टरचा एक जबडा, लॅबमधून टाकून दिलेला, पडद्याची दोरी अडकवायला ठेवलेला. माणसाने सगळीकडे नजर फिरवली आणि जरा मवाळ होऊन म्हणाला, सामान तर बरंच आहे म्हणजे.

मला हायसं वाटलं. आत्याने नुसतं हो म्हणायचं होतं.

"सामानाचं मला सांगू नका साहेब," ती म्हणाली. "सामान टाकून गेलेली माणसं मी सव्वीस वर्षं पाहिलीत."

त्याने पेनाचं टोपण काढलं. फॉर्मवर दोन चौकोन होते, 'राहते' आणि 'राहत नाही'. मी आत्याच्या पदराला मागून ओढ दिली. तिने पदर सोडवून घेतला. तेवढ्यात आतून नळाचा आवाज आला. टप. मग बऱ्याच वेळाने आणखी एक.

आत्या आत गेली. ती परत येईना म्हणून आम्ही मागोमाग गेलो. नळाच्या मानेला सुतळीने एक कागद बांधलेला होता. तो सोडवून, चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाजवळ धरून ती वाचत होती. मग तिने तो माझ्या हातात दिला आणि मोठ्याने वाच म्हणाली.

"आत्या, प्लंबर पंधरा-वीस दिवसांनी येतो म्हणालाय. त्याला पुन्हा तोच जुना वायसर घालू देऊ नका. मागच्या वेळी तुम्ही त्याला चहा पाजून सोडून दिलंत. या वेळी समोर उभ्या राहा. मी आल्यावर बघणार आहे. टाकीचं फुटकं झाकणही अजून तसंच आहे."

"बघा," आत्या म्हणाली. तिचा आवाज चिडका होता आणि चेहरा तसा नव्हता. "म्हणे चहा पाजून सोडून दिलं. नऊ वर्षं छपराखाली ठेवलं, त्याचं हे."

माणसाला काही कळेना. मग ही बाई येणार आहे की नाही, असं त्याने सरळ विचारलं.

"ते मला माहीत नाही," आत्या म्हणाली. "येणार की नाही ते मी कोणाचंच सांगत नाही. राहते एवढं सांगते. फिरायला आलेला माणूस जाताना आभार मानतो, साहेब. असं कोणी लिहून ठेवत नाही. लिहा."

"हे लिहू?"

"मी लिहिते."

तिने त्याचाच पेन घेतला आणि ओट्यावर कागद ठेवून, क्लोकरूमच्या चिठ्ठ्यांवर लिहायची त्या ठसठशीत अक्षरात जबाब लिहिला. नऊ वर्षांत किती केरसुण्या झिजल्या तेही लिहिलं, चार. माणसाने जबाब वाचला, पुन्हा वाचला, मग 'राहते'च्या चौकोनात खूण केली. जाताना त्याने विचारलं, केरसुण्यांचा आकडा तुम्हाला कसा माहीत. आत्या म्हणाली, मांजर बघायला जाते तेव्हा दिसतात.

अठरावा दिवस गेला. एकोणिसाव्या सकाळी आत्या वर गेली, रिकाम्या डब्याचं झाकण उचललं, ठेवलं. विसाव्याही. चौकोनातली खूण पुसायला कोणाला वेळ लागतो, असं ती एकदा आपल्याशीच म्हणाली. प्लंबर आला तेव्हा मात्र ती त्याच्या डोक्यावर उभी राहिली आणि चहा दिला नाही.

तेविसाव्या दिवशी, भर दुपारी, वरची आली. काळवंडलेली, निम्मी झालेली. आई आता भावाकडे होती, काठीने चालत होती. तिने किल्ली मागितली, वर गेली, बॅग टेकवण्याआधी तिने नळ सोडल्याचा आवाज आम्ही खाली ऐकला. नळ बंद झाला. मग कठड्यावरून:

"आत्या, वायसर नवा आहे, पण लहान मापाचा घातलाय."

आत्याने आधणात एक कप पाणी वाढवलं.

परवाना पुढच्या वर्षी आला. वरचीने तो खाली आणून दाखवला, आत्याने उजेडाकडे धरून पाहिला. डबा बघणं थांबलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, परवाना काय, तुझ्या आतोबांनाही मिळालाच असेल.

शेवटच्या वर्षात आत्याला जिना चढवेना. पहिल्या सकाळी ती पायथ्याशी कठडा धरून उभी होती, ते वरचीने पाहिलं असणार. दुसऱ्या दिवसापासून वरची स्वतःच डबा घेऊन खाली येऊ लागली. आत्याच्या पलंगाशी ठेवायची, झाकण काढायची, बाजूला बघत उभी राहायची. आत्या वाकून पाहायची आणि म्हणायची, ने. त्यांच्यात याबद्दल कधी शब्द झाला नाही. त्याच वर्षी वरचीने लॅबमध्ये तिची कवळी बनवली. ती आत्याला पसंत नव्हती. चार वेळा दुरुस्तीला गेली आणि दर वेळी तिने आरशात पाहून विचारलं, ही नक्की माझीच आहे ना?

शेवटच्या दिवशी सकाळी डबा आला. आत कांद्याची सालं, चहाचा चोथा आणि दात पडलेला एक कंगवा होता. आत्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. मग ने म्हणाली. वरची झाकण लावून निघाली तशी आत्याने तिला पुन्हा हाक मारली.

"खालची कवळी अजून टोचतेय गं. उद्या जरा घासून आण."