चोवीस प्रकरणं, चोवीस कांदे

प्रकाशकांनी सोमवारपर्यंत कादंबरीचा आराखडा मागितला होता. पटला तर काढू, नाहीतर पुन्हा कधीतरी बोलू. या ‘कधीतरी’चा अर्थ पन्नाशीच्या बाईला बरोबर कळतो. दौंडच्या ऑफिसात चार दिवसांची रजा टाकून मी निमोण्याला भावाकडे गेले. घरी थांबले असते तर रजेत फ्रीज पुसला असता.

एका कार्डावर एक प्रकरण, अशी चोवीस कार्डं केली. पसरायला जागा म्हणून कांद्याच्या चाळीत, रिकाम्या पोत्यांवर ती ओळीनं मांडली. वारा होता, म्हणून प्रत्येकावर एक कांदा ठेवला आणि चहाला गेले.

परत आले तर पोती मोकळी. कांदा निवडायला आलेल्या चार बायकांपैकी म्हाताऱ्या मावशींच्या हातात माझी कार्डं होती, पत्त्यांसारखी पिसलेली.

“ताई, आमाला वाटलं व्यापाऱ्याला दावायला नमुना लावलाय. घेतलं समदं आवरून.”

कार्डांवर नंबर नव्हते. नंबर घातला की क्रम हलवायला मन धजत नाही, असं माझं तत्त्व होतं. ते तिथंच संपलं.

“वाचा तुम्ही,” मावशी म्हणाल्या. “आमी लावतो.”

मी वाचत गेले, त्या निवडत गेल्या. मोठा माल, मध्यम, बारकी गोलटी आणि सडका. नायिका घर सोडते: मोठा. नायिका खिडकीत बसून बालपण आठवते: गोलटी. पुढच्या कार्डावरही ती खिडकीतच होती.

“कितींदा बसती ही? हिला कामधंदा न्हाई व्हय?”

“नोकरदार आसंल,” दुसरी माझ्याकडं बघत म्हणाली.

खिडकीची पाच कार्डं निघाली. पाचवं वाचताना मलाच हसू आवरेना. एकजण तर पोत्यावर आडवी झाली.

“चार तरी फेका,” मावशी म्हणाल्या. “सडका ठिवला की शेजारचं बी नासतंय.”

एकोणिसाव्या प्रकरणात नायिकेची जाऊ पोटच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडते. ते कार्ड मी वाचल्यावाचल्या मावशींनी माझ्या हातातून घेतलं.

“हिला मागं का दडवली? हिच्यापासनं सुरू करा.”

दोन महिने मला जे सापडत नव्हतं, ते मावशींच्या मातकट बोटांत होतं.

त्यांचा तासभर मोडला, म्हणून संध्याकाळपर्यंत मीही कांदे निवडले. माझ्या ढिगातले निम्मे मावशींनी परत काढले.

सोमवारी जाऊबाईपासून सुरू होणारी वीस कार्डं नंबर घालून पाठवली. गुरुवारी होकार आला. लगेच भावाला फोन केला.

“मावशी रोज विचारतायत,” तो म्हणाला, “ती खिडकीतली बाई कामाला लागली का?”

“लागली म्हणावं.”