चिंच लावून घासलेला ट्रम्पेट

चहा घ्या, आणि मी केवढा घोळ घातला ते ऐका. हसा खुशाल, पण आधी ऐका!

माझी भाची केतकी इंग्लंडात असते, ढोलकी वाजवते. सोबत दोन गोरी पोरं, एक व्हायोलिनवाला, एक ट्रम्पेटवाला. पूर्वी गाडीत वाद्यं टाकली की जर्मनी म्हणू नका, फ्रान्स म्हणू नका! मग त्यांचा देश युरोपच्या व्यापारी संघातून बाहेर पडला आणि सगळं बसलं. आता दर देशाची वेगळी परवानगी, वाद्यांची यादी, यादीवर शिक्के. निम्मे कार्यक्रम गेले. पुढारी मोकळे, धावाधाव पोरांची!

म्हणून इथं कॅनडात, आमच्या ग्वेल्फ गावच्या मराठी मंडळानं त्यांना नवरात्रात बोलावलं. राहिली माझ्या बेसमेंटमध्ये. कार्यक्रम झकास झाला. इथून परस्पर जर्मनीला जायची होती.

खंडेनवमी आली. वाद्यं म्हणजे यांची हत्यारंच, पूजा नको? पोरं ग्रोसरीला गेलेली. ट्रम्पेट चिंच-मीठ लावून घासला. ढोलकी, व्हायोलिन पुसलं. तिन्हींवर कसलेसे मळके कागद चिकटलेले, तेही खोबरेल लावून सोलले. फूल वाहून परत पेटीत!

दुसऱ्या दिवशी एअरपोर्टवर कस्टमवाल्या बाईनं पेट्या उघडल्या. नंबर कुठायत, म्हणाली.

केतकी पांढरीफटक. "मावशी, स्टिकर?"

"ते मळके कागद? काढले की! केवढी घाण!"

"अगं, यादीतले नंबर होते ते! शिक्का नाही मिळाला तर वाद्यं इथंच राहतील. शनिवारचा शो गेला! आधीच किती उरलेत?"

चूक माझीच. पण गप्प बसेन ती मी कसली? "मिस्टेक माय! शी गुड गर्ल! मला अरेस्ट करा, वाद्यं सोडा!"

बाई हसली. केतकीच्या फोनमध्ये नंबरासकट फोटो होते. व्हायोलिनचा ओरखडा जुळला, ढोलकीची चीर जुळली. ट्रम्पेट मात्र फोटोत काळा, समोर सोन्यासारखा! शेवटी नळीवरचा पोचा सापडला. "सेम डेंट," म्हणाली आणि मारला शिक्का. देव तिचं भलं करो!

आणि केतकी? रागवायचं सोडून गळ्यात पडली. "मावशी, आमच्या वाद्यांना आजवर फूल कुणी वाहिलं होतं गं?"

डोळे भरून आले माझे. पण खरं सांगायची सोय नव्हती. कारण तो पोचासुद्धा मी ठोकून काढायला सांगितला होता! आमचे हे "उद्या बघू" म्हणून सोफ्यावर आडवे झाले, म्हणून वाचला. ज्या आळसापायी तीस वर्षं भांडले, त्याचेच आभार!

घरी येऊन न मागताच त्यांच्यापुढं चहा ठेवला, वर बिस्किटं.

हे ताडकन उठून बसले. "आता आणखी काय घासलंस?"