नणंदेनं सांगितलेलं नाव

सत्तरचं दशक सरता सरता मी देवळ्याहून नाशिकरोडच्या एका कॉलनीत सून म्हणून आले, तेव्हा धाकटी नणंद बी.ए.ला मानसशास्त्र घेऊन बसली होती. बसली कसली, ओट्यावर येरझारा घालत मोठ्यानं पाठ करायची आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक संज्ञा चिकटवायची. ऑफिसात साहेबानं झापलं की मामंजी घरी येऊन आमटीला नावं ठेवत. ते विस्थापन, राग एकाचा आणि निघतो दुसऱ्यावर. सासूबाई गल्लीभरच्या बातम्या गोळा करून वर शेजारणीलाच चोंबडी म्हणत. ते प्रक्षेपण, आपला दोष दुसऱ्याच्या अंगावर टाकणं. बढतीच्या परीक्षेत नापास झालेले आमचे हे म्हणाले, नाहीतरी त्या खुर्चीवर कोणाला बसायचंय? ते समर्थन, अपयशाला सोयीची सबब शोधणं. मी पदराआड हसायची.

मग मला मुलगा झाला. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. सासूबाईंनी काही कमी केलं नाही. खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू. पण बाळ रडायचं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पाजताना डोळ्यांतून पाणी वाहायचं, का ते कळत नसे. याला दुसरी कोणीतरी आई मिळायला हवी होती, असंच वाटायचं.

शेजारच्या बायका म्हणाल्या, बाहेरचं लागलंय. ते बोलणं मामंजींनी दारातच थांबवलं. तेव्हा सासूबाईंनी ठरवलं की मला देवळ्याला भावाकडे पाठवायचं, बाळ इथेच बाटलीवर राहील. कधीपर्यंत, ते कोणी बोलेना. माझ्याच्यानं बाळाकडे बघवत नव्हतं, आणि त्याला सोडून जाववतही नव्हतं.

सगळ्यात भीती वाटली ती नणंदेची. साऱ्या घराला नावं देणारी ती, माझ्यापाशी मात्र गप्प. पिशवी भरली त्या सकाळी मीच विचारलं, "ताई, तुमच्या पुस्तकात माझ्यासाठी काही नाही का?"

आमच्या पुस्तकात नाही, म्हणाली. म्हणून ती कॉलेजातल्या मॅडमना विचारून आली होती, त्याआधी तिला उगाच काही बोलायचं नव्हतं. मग सासूबाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं, "याला प्रसूतीनंतरचं नैराश्य म्हणतात, वहिनी. हा आजार आहे, तुझा स्वभाव नाही. औषधानं बरा होतो."

स्वभाव नाही. मी पुन्हा रडले, पण या वेळी का ते मला कळत होतं.

सासूबाई शेगडीतले निखारे सारखे करत होत्या, त्यांचा हात थांबला. नाव आहे म्हणजे आणखी बायकांनाही होतं का, असं त्यांनी विचारलं. पुष्कळ जणींना, नणंद म्हणाली. सासूबाई चिमटा बाजूला ठेवून लेकीकडे वळल्या.

"मला बी असंच झालं व्हतं, तुझ्या दादाच्या येळंला. दिंडोरीला माहेरी नेऊन टाकलं मला. पोरगं चालाया लागलं तवा परत आणलं. त्ये मला वळखत नव्हतं."

मला पाठवण्यात त्यांचा दुष्टावा नव्हता. त्यांना एवढाच उपाय ठाऊक होता. त्या उठल्या, पिशवीतल्या साड्या काढून परत ट्रंकेत ठेवल्या आणि आम्ही तिघी टांग्यानं सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घाई न करता माझं सगळं ऐकून घेतलं.

बरं व्हायला वेळ लागला. त्या सगळ्या काळात नणंद अभ्यासाचं पुस्तक घेऊन माझ्या खाटेशी बसायची आणि सासूबाई बाळाला घडोघडी माझ्या कुशीत आणून ठेवायच्या. मला जमलं नाही तर उचलायच्या, थोड्या वेळानं पुन्हा आणायच्या. या दोघींचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

एका दुपारी तो सासूबाईंच्या कडेवर होता. मी धुणं वाळत घालून आत आले, तर त्यानं हसून दोन्ही हात माझ्याकडे पसरले. मी त्याला घेतलं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"वळखलं गं," त्या म्हणाल्या, "वळखलं यानं."