कोरड्या विहिरीचं गुपित

हसायचं तर हसा, पण मी हे तोंड सरळ ठेवूनच सांगणार. माझ्या शहाणपणात आईचे गुडघे अडकलेत हो!

माझं काम समुद्रातल्या तेलविहिरी तपासायचं. नवी विहीर खणली की ती उघडायची, तेल-वायू किती जोराने येतोय ते मोजायचं, मग बंद करून दाब किती चढतोय ते बघत बसायचं. निकाल बाहेर फोडायचा नाही, घरीसुद्धा नाही. या वेळी तर साहेबांनी निघताना पुन्हा बजावलं होतं.

राहतो शहरात, सिल्व्हर पार्कच्या फ्लॅटमध्ये, पण आम्ही मूळचे उत्तनच्या किनाऱ्यावरचे कोळी. माणूस समुद्रावरून आला की आई हातात पाणी द्यायच्या आधी विचारते, काय लागलं? मी म्हटलं, ते सांगता येणार नाही, आई. आणि इतक्या गंभीरपणे म्हटलं, की माझा मलाच अभिमान वाटला. केवढा जबाबदार माणूस!

दुसऱ्या दिवशी बायकोने हळूच विचारलं, सगळं ठीक आहे ना? मला वाटलं, आईनेच हिला निकाल काढायला पाठवलंय. मी आवाज आणखी खाली आणला. साहेबांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय म्हटलं, तूही कुठे बोलू नकोस. झालं! संध्याकाळी शेजारचे गुजराती काका माझा हात धरून म्हणाले, "भाई, दुकान अपनी ही है, कल से आ जाओ." आता बोला! मला वाटलं, यांना शेअरबाजारासाठी बातमी हवीय. मी हात सोडवून घेतला.

आणि मग आईचा फोन कानावर पडला. हॉस्पिटलला सांगत होती, गुडघ्याचं ऑपरेशन नको, पोराची नोकरी गेलीय. किती वर्षं मनधरणी केल्यावर तयार झाली होती ती!

चुलीत गेला नियम. तिच्याजवळ बसलो आणि कानात सगळं सांगून टाकलं. नोकरी शाबूत आहे, फक्त विहिरीत काही लागलं नाही, म्हणून गप्प होतो.

आईने विचारलं, "काय न्हाय लागलं, तरी पगार देतात?"

"देतात ना. लागलं काय, न लागलं काय, तपासायचाच पगार असतो."

"पोरा, बोट रिकामी आली तर खलाशाला वाटा कोन देतं?" तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तुला खोटं बोलायला जमत न्हाय रे."

सुट्टी संपली. बॅग घेऊन पुन्हा समुद्रातल्या रिगवर निघालो, तर आई लंगडत दारापर्यंत आली. हातात डबा दिला आणि शेजारी ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "काम शोधताना उपाशी फिरू नको."